गाडी तीनदा गॅरेजला, दुखणं मात्र तिथंच; मिस्त्रीकडून काम नीट कसं करून घ्यायचं?

देवळा/चांदवड : टोमॅटोचा हंगाम ऐन भरात होता. देवळा तालुक्यातला एक शेतकरी ७० कॅरेट माल पिकअपमध्ये भरून पिंपळगाव बसवंतच्या बाजाराला निघाला होता. राहुड घाट चढताना टेम्परेचरचा काटा लाल रेषेवर गेला आणि बॉनेटखालून वाफ यायला लागली. गाडी कडेला लागली ती लागलीच. आठ दिवसांपूर्वीच ती गॅरेजमधून आली होती. ‘आता बिनधास्त पळवा, काही होणार नाही,’ असं मिस्त्रीने सांगितलं होतं. दुसरी गाडी बोलावून, रस्त्यावरच माल पलटी करून बाजारात पोहोचेपर्यंत चांगल्या भावाचे लिलाव होऊन गेले होते.

या गाडीची ती तिसरी दुरुस्ती होती. पहिल्या वेळी रेडिएटर साफ करून कुलंट बदललं, खर्च साडेतीन हजार. दुसऱ्या वेळी वॉटर बॉडी बदलली आणि थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढून टाकला, साडेसात हजार. तिसऱ्या वेळी हेड उतरवून लेथवर फेस केलं, नवं गॅस्केट टाकलं, २७ हजार. एकूण ३८ हजार रुपये गेले. बिल एकाही वेळचं नव्हतं. पहिल्या दोन वेळचे पैसे रोख दिलेले, तिसऱ्या वेळचे थोडे रोख आणि थोडे मोबाइलवरून. जुने पार्ट कुठे गेले ते मालकाला माहीत नाही. मिस्त्रीचं म्हणणं, ‘मी माझं काम केलं, आता इंजिनच कमजोर आहे.’

ग्रामीण भागात ही गोष्ट नवी नाही. पिकअप असो, जुनी कार असो की ट्रॅक्टर, ‘मिस्त्री पार्टमागून पार्ट बदलतो आणि दुखणं जागेवरच राहतं’ ही तक्रार चहाच्या टपरीवर रोज ऐकायला मिळते. तिथं त्याचा निकाल दोनच शब्दांत लागतो : ‘मिस्त्री चोर आहे’ किंवा ‘गाडीच खराब आहे’. बऱ्याच वेळा या दोन्ही गोष्टी खऱ्या नसतात. खरं कारण असतं की तपासणी न करता अंदाजावर काम झालेलं असतं, आणि मालकानेही ‘नेमकं कशामुळे?’ हे विचारलेलं नसतं.

पार्ट बदलला, कारण राहून गेलं

गाडी हिट होणं हे लक्षण आहे, आजार नव्हे. जसं ताप आला म्हणजे मलेरिया असेल, टायफॉइड असेल किंवा नुसती सर्दी असेल, तसंच इंजिनचं आहे. हिट होण्याची कारणं सहा-सात तरी असतात : कुलंट कमी होणं, रेडिएटर आतून चोंदणं, फॅन किंवा त्याचा रिले बंद पडणं, पट्टा सैल होणं, थर्मोस्टॅट अडकणं, वॉटर बॉडीची पाती झिजणं, हेड गॅस्केट जाणं किंवा हेडला तडा जाणं.

त्यातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित कारण म्हणजे रेडिएटरचं झाकण. साधं पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं. झाकण आतला दाब साधारण एक बारने वाढवून धरतं, त्यामुळे तेच पाणी १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. झाकणाची स्प्रिंग ढिली झाली, रबर फाटलं की दाब राहत नाही आणि घाटात पाणी उकळून बाहेर पडतं. काही शे रुपयांच्या झाकणासाठी हजारोंचं इंजिन उघडल्याचे प्रकार होतात.

दुसरं कारण आपल्याच विहिरीत आणि बोअरमध्ये आहे. आपल्याकडचं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. चहाच्या पातेल्याला जसा पांढरा थर बसतो, तसाच तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. ‘पाणी काय, कुठलंही चालतं’ म्हणून वर्षानुवर्षं बोअरचं पाणी भरलेल्या गाडीचा रेडिएटर बाहेरून धुऊन काही उपयोग नसतो. कुलंटमध्ये गंज आणि थर रोखणारी रसायनं असतात, म्हणूनच ते टाकायचं असतं.

थर्मोस्टॅट काढून टाकणं हा तर जुनाच तोडगा. हिट होणाऱ्या गाडीचा व्हॉल्व्ह काढला की काही दिवस बरं वाटतं. पण त्यामुळे इंजिन सकाळी लवकर गरम होत नाही, डिझेल जास्त जळतं आणि मूळ दुखणं झाकलं जातं. काही इंजिनांत तर व्हॉल्व्ह नसला की गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरमध्ये न जाता तसाच परत फिरतो. म्हणजे तोडगाच उलटा पडतो.

हेड गॅस्केट गेलंय का, हे इंजिन न उघडता बऱ्यापैकी कळू शकतं. रेडिएटरच्या तोंडावर खास द्रावण भरलेली नळी धरून इंजिन चालू करतात. सिलिंडरमधला जळालेला वायू पाण्यात येत असेल तर द्रावणाचा रंग बदलतो. कूलिंग सिस्टिमला हातपंपाने दाब देऊन गळती पाहता येते. सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजता येतं. थंड इंजिन चालू करताच रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येणं, ऑइल दुधट होणं, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर निघत राहणं, बाहेर कुठंच गळती नसताना कुलंट कमी होणं, या खुणा मालकालाही दिसतात.

आणि हेड उतरवलंच, तर नुसतं फेस करून भागत नाही. ॲल्युमिनियमचं हेड जास्त तापलं की वाकतं, तसा त्याला केसासारखा बारीक तडाही जाऊ शकतो. वाकलेलं हेड लेथवर सरळ होतं, पण तडा त्याने जात नाही. त्यासाठी हेड बंद करून, दाबाची हवा सोडून, पाण्यात बुडवून तपासावं लागतं. ही चाचणी झाली नाही तर नवं गॅस्केट टाकूनही गाडी आठ-पंधरा दिवसांत पुन्हा हिट होते. देवळ्याच्या त्या पिकअपचं नेमकं तेच झालं होतं, हे पुढे कळलं.

स्कॅनरचा कोड म्हणजे निकाल नव्हे

देशात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानकाच्या गाड्या आल्या. सेन्सर वाढले, डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारे फिल्टर आले. आता गॅरेजवाला पान्याच्या आधी स्कॅनर काढतो. मशीन कोड दाखवतं आणि मिस्त्री त्या कोडातला पार्ट बदलून मोकळा होतो. इथंच बऱ्याच जणांचे पैसे बुडतात.

कोड सांगतो की गडबड कुठे जाणवली. कोणता पार्ट मेला, हे तो सांगत नाही. उदाहरणार्थ, पी-००८७ या कोडचा अर्थ आहे, इंधनाच्या रेलमध्ये दाब कमी पडतोय. तो हाय-प्रेशर पंप खराब झाल्याने कमी पडू शकतो. डिझेल फिल्टर चोंदल्याने, पाइपमधून हवा ओढली गेल्याने, एखादा इंजेक्टर जास्त डिझेल परत सोडत असल्याने किंवा सेन्सरची वायर उंदराने कुरतडल्यानेही तेच होतं. आधी फिल्टर, पाइप, वायर, मग इंजेक्टरच्या परतीची चाचणी आणि शेवटी पंप, असा तो क्रम. पंपापासून सुरुवात केली तर बिल मोठं होतं आणि दिवा तसाच लागून राहतो.

म्हणून मिस्त्रीने कोड दाखवला की पुढचा प्रश्न विचारायचा : ‘हा पार्टच खराब आहे, हे तुम्ही कशावरून ठरवलं? कोणती चाचणी घेतली?’ चांगला मिस्त्री या प्रश्नावर चिडत नाही. उलट हातातला पाना खाली ठेवून तो समजावून सांगतो.

मिस्त्रीचीही बाजू आहे

तालुक्याच्या गावातले कितीतरी मिस्त्री कुठल्या शाळेत शिकलेले नाहीत. दहा-बारा वर्षांचे असताना गॅरेजला लागले, उस्तादाच्या हाताखाली तयार झाले. जुनं डिझेल इंजिन ते नुसत्या आवाजावरून ओळखतात. आयटीआयला मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स आहे, पण प्रत्येक नवं मॉडेल कोर्समध्ये येतंच असं नाही. कंपनीची माहितीपुस्तकं, महागडे स्कॅनर, टॉर्क पाना ही साधनं छोट्या गॅरेजला परवडत नाहीत.

शिवाय गिऱ्हाइकाची घाई असते. ‘संध्याकाळी माल भरायचाय, तात्पुरतं भागव.’ ‘हेड उतरवू नको, एवढे पैसे नाहीत, टोमॅटोचे आल्यावर बघू.’ तपासणीचे वेगळे पाचशे रुपये मागितले तर ‘नुसतं बघायचे कसले पैसे?’ असं ऐकावं लागतं. मग मिस्त्रीही तपासणी सोडतो आणि अंदाजावर पार्ट टाकतो. बदललेला पार्ट गिऱ्हाइकाला दिसतो, तपासणीला लागलेला वेळ दिसत नाही. त्यात गावची ओळख, उधारी, कधी रात्री-अपरात्री शेतात येऊन ट्रॅक्टर चालू करून दिलेला असतो. अशा माणसाकडे बिल मागायला जीभ रेटत नाही.

हे सगळं खरं. पण नुकसान झाल्यावर हीच भीड आड येते. म्हणून बोलायचं ते आधी, गाडी गॅरेजला टाकतानाच. त्यात अपमान कुणाचाच होत नाही.

गाडी टाकताना काय करावं?

पहिली गोष्ट, पार्टचं नाव सांगू नये, लक्षण सांगावं. ‘वॉटर बॉडी बदला’ असं मालक म्हणाला की मिस्त्री वॉटर बॉडी बदलतो आणि नंतर ‘तुम्हीच सांगितलं होतं’ म्हणतो. त्याऐवजी सांगावं : ‘रिकामी असताना हिट होत नाही. माल भरून घाट चढताना होते. दोन दिवसांत लिटरभर पाणी लागतं. फॅन चालू असतो.’ मोबाइलवर काट्याचा, धुराचा, आवाजाचा व्हिडिओ काढून ठेवला तर अर्धं काम सोपं होतं.

दुसरी, तपासणीचे पैसे वेगळे द्यायची तयारी ठेवावी. ‘आधी तपासा, काय निघतं ते सांगा, मग उघडा,’ असं स्पष्ट बोलावं. पाचशे-हजार रुपये तपासणीला गेले तरी चालतील, कारण चुकीचं उघडलेलं इंजिन त्याच्या कितीतरी पट पैसे खातं.

तिसरी, अंदाजे खर्च लिहून घ्यावा. कागद नसेल तर व्हॉट्सॲपवर. ‘हेड उतरवणे, फेसिंग, हेडची प्रेशर टेस्ट, गॅस्केट, बोल्ट, ऑइल, कुलंट, मजुरी, एकूण अमुक रुपये, तमुक दिवस’ एवढं पुरे. ठरलेल्यापेक्षा जास्त काम निघालं तर फोन करूनच पुढे जायचं, हेही त्यातच लिहावं.

चौथी, जुने पार्ट परत मागावेत आणि नव्या पार्टचं खोकं बघावं. पॅकिंगवर कंपनीचं नाव, पार्ट नंबर आणि एमआरपी असते. खोक्याचा फोटो काढून ठेवावा. बनावट पार्ट ओळखायला आणि पुढे वाद झाला तर दाखवायलाही तो कामी येतो.

पाचवी, पावती. ‘पक्कं बिल घेतलं तर जीएसटी लागेल’ हे उत्तर ठरलेलं असतं. साधारणपणे वर्षाला २० लाखांच्या आत उलाढाल असलेल्या सेवा व्यवसायाला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. अशा गॅरेजने साध्या पावतीपुस्तकावर गाडी नंबर, किलोमीटर, तारीख, केलेलं काम आणि रक्कम लिहून सही केली तरी चालते. त्यात गाडीमालकाला एक रुपयाही जास्त पडत नाही. पैसे शक्यतो मोबाइलवरून द्यावेत. रोख दिले तर नोंद राहत नाही.

आणि गाडी ताब्यात घेताना गॅरेजच्या दारात फेरी मारून समाधान मानू नये. ज्या परिस्थितीत दुखणं येतं, तीच परिस्थिती द्यावी. घाटात हिट होत असेल तर मिस्त्रीला शेजारी बसवून चढावर न्यावी.

पुन्हा तेच झालं तर?

सगळ्यात आधी गाडी थांबवावी. ‘गावापर्यंत जाईल’ या आशेवर हिट झालेली गाडी रेटली की गॅस्केटचं काम पुऱ्या इंजिनवर जातं. काटा वर चढायला लागताच एसी बंद करून हीटर पूर्ण चालू केला तर थोडी उष्णता बाहेर पडते आणि सुरक्षित जागेपर्यंत जाता येतं. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नये, उकळतं पाणी तोंडावर येतं. तापलेल्या इंजिनावर गार पाणीही ओतू नये, त्याने हेड तडकतं. ब्रेक किंवा स्टिअरिंगचं दुखणं असेल तर ‘बघू दोन दिवस’ हा विचारच नको. ती गाडी चालवायची नाही, टोचन करून न्यायची.

त्यानंतर त्याच मिस्त्रीला कळवावं, पण लिहून. एवढा मेसेज पुरेसा आहे : ‘अमुक तारखेला तुम्ही हेडचं काम केलं, एवढे पैसे दिले. आज एवढ्या किलोमीटरला गाडी पुन्हा हिट झाली. येऊन बघा किंवा गाडी आणतो, सात दिवसांत दुरुस्त करून द्या.’ भांडणाची भाषा नको. मिस्त्रीला चूक सुधारायची एक संधी देणं व्यवहाराला धरून आहे, आणि पुढे प्रकरण वाढलं तर ‘मला सांगितलंच नाही’ असं म्हणायला जागा राहत नाही.

तो टाळायला लागला, किंवा पुन्हा अंदाजानेच नवा पार्ट सांगायला लागला, तर गाडी दुसरीकडे न्यावी. पण तिथेही घाई नको. दुसऱ्या गॅरेजने इंजिन उघडलं की पहिल्याच्या कामाचा पुरावा नाहीसा होतो. म्हणून उघडण्याआधी फोटो, व्हिडिओ घ्यावेत. उघडताना काय दिसलं, कशामुळे बिघाड आला, हे दुसऱ्या मिस्त्रीकडून लेटरहेडवर किंवा पावतीवर लिहून घ्यावं. काढलेला पार्ट पोत्यात बांधून घरी ठेवावा. दुसरा मिस्त्री पहिल्याविरुद्ध लिहून द्यायला बिचकत असेल, तर त्याने दोष कुणाचा ते लिहू नये. ‘हेडला तडा आहे’ एवढं जे दिसलं तेच लिहावं.

‘पैसेच देत नाही, काय करतो बघू’ हा मार्ग मात्र जपून. भारतीय करार कायद्याच्या कलम १७० नुसार, ज्याने वस्तूवर मेहनत आणि कौशल्य खर्च केलं, त्याला ठरल्याप्रमाणे मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवता येते. म्हणजे मजुरी बाकी असेल तर मिस्त्री गाडी रोखून धरू शकतो, आणि हंगामात गाडी अडकली तर नुकसान मालकाचंच होतं. अशा वेळी ‘काम समाधानकारक नाही, हरकत राखून पैसे देत आहे,’ असा मेसेज टाकून पैसे भरावेत आणि गाडी ताब्यात घ्यावी. पैसे दिले म्हणून तक्रारीचा हक्क जात नाही. दुसऱ्या बाजूने, गाडी गॅरेजमध्ये असताना तिची योग्य काळजी घेणं ही त्याच कायद्याच्या कलम १५१ प्रमाणे गॅरेजवाल्याची जबाबदारी असते.

ग्राहक आयोगाचं दार

पैसे घेऊन केलेली दुरुस्ती ही कायद्याच्या भाषेत ‘सेवा’ आहे आणि ती नीट न करणं ही ‘सेवेतील त्रुटी’. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. त्यातल्या काही गोष्टी शेतकऱ्याने ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत.

पावती न देणं ही या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष सेवेचे पैसे पावतीवर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत करायला नकार देणं, हेही त्याच यादीत येतं. म्हणून पहिला लेखी निरोप लवकरात लवकर जायला हवा.

तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. ती आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. गॅरेज दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी तिकडे जायची गरज नाही. नाशिक जिल्ह्यातल्या माणसाला नाशिकच्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. वकील लावायची सक्तीही नाही. तक्रार ऑनलाइनही दाखल होते. दोन्ही बाजू तयार असतील तर प्रकरण मध्यस्थीकडे जाऊ शकतं. निकालासाठी कायद्याने तीन महिने, आणि वस्तूची चाचणी लागणार असेल तर पाच महिने असं उद्दिष्ट दिलं आहे. प्रत्यक्षात तारखा वाढतात, हे गृहीत धरूनच जावं.

‘माझी पिकअप तर धंद्याची, मी ग्राहक कसा?’ हा प्रश्न हमखास येतो. व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू किंवा सेवा कायद्याच्या बाहेर आहे. पण केवळ पोट भरण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून वापरलेल्या वस्तूचा मालक ग्राहकच धरला जातो. स्वतःचा माल स्वतः वाहणारा शेतकरी आणि पाच गाड्या भाड्याने फिरवणारा वाहतूकदार यांत हाच फरक. तक्रारीत ही बाब स्पष्ट लिहावी.

आयोगात जाण्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर मराठीतून तक्रार नोंदवता येते. हेल्पलाइन समोरच्याशी बोलून तोडगा काढायचा प्रयत्न करते, पण ती कुणाला आदेश देऊ शकत नाही. आदेशाचा अधिकार आयोगाला आहे. आयोगाचा आदेश पाळला नाही तर कायद्यात कैद आणि दंडाची तरतूद आहे.

दोन गोष्टींची जाणीव मात्र हवी. गाडी पुन्हा बिघडली एवढ्यावरच मिस्त्री दोषी ठरत नाही. त्याच्या कामामुळे किंवा त्याने न केलेल्या तपासणीमुळे बिघडली, हे दाखवावं लागतं. आणि मालाचं झालेलं नुकसान मागायचं तर त्याचेही कागद लागतात : बाजार समितीची पावती, दुसऱ्या गाडीच्या भाड्याची पावती, त्या दिवशीचे फोटो. नुसत्या तोंडी हिशेबावर भरपाई मिळणं अवघड.

देवळ्याच्या पिकअपचं पुढे काय झालं?

त्या शेतकऱ्याने गाडी टोचन करून मालेगावला नेली. तिथल्या मिस्त्रीने हेड उतरवून पाण्यात बुडवून तपासलं. दोन व्हॉल्व्हच्या मधोमध बारीक तडा निघाला. आधीच्या वेळी हेड फेस झालं होतं, पण ही टेस्ट झालीच नव्हती. मालेगावच्या मिस्त्रीने पावतीवर तेवढंच लिहून दिलं. हेड बदलावं लागलं. सोबत थर्मोस्टॅट परत बसवला, रेडिएटरचं झाकण नवं टाकलं. त्यानंतर गाडी घाट चढायला लागली.

ती पावती आणि तडा गेलेलं हेड घेऊन शेतकरी पहिल्या मिस्त्रीकडे गेला. गावातले दोन जाणते माणसं सोबत होते. आवाज कुणी चढवला नाही. मिस्त्रीने हेड हातात घेऊन उजेडात धरलं, बराच वेळ पाहिलं. ‘टेस्टला नाशिकला पाठवायला पाहिजे होतं. तुम्ही घाई केली आप्पा, मीपण केली,’ असं तो म्हणाला. हेडच्या कामाची मजुरी आणि गॅस्केटचे पैसे मिळून ११ हजार रुपये त्याने दोन हप्त्यांत परत केले. बाकीचे पैसे आणि त्या दिवसाचा भाव गेला तो गेलाच. आयोगात गेलं असतं तर कदाचित जास्त मिळालं असतं, पण सुरुवातीच्या ११ हजारांचा एकही कागद हातात नव्हता, हे त्या शेतकऱ्यालाही ठाऊक होतं.

आता त्याच्या गाडीत एक वही असते. तारीख, किलोमीटर, काय बिघडलं, काय तपासलं, काय बदललं, किती दिले. शेवटच्या रकान्यात मिस्त्रीची सही. ऑइल बदलायला गाडी अजूनही गावातल्या त्याच मिस्त्रीकडे जाते, आणि वहीत सही केल्याशिवाय आता तोही चावी परत देत नाही.

थोडक्यात लक्षात ठेवा

– लक्षण सांगा, पार्टचं नाव सांगू नका.
– आधी तपासणी, मग पान्याला हात. तपासणीचे पैसे द्या.
– अंदाजे खर्च व्हॉट्सॲपवर तरी घ्या.
– हेड उतरवलं तर प्रेशर टेस्ट झाल्याशिवाय बसवू देऊ नका.
– जुना पार्ट, नव्या पार्टचं खोकं आणि सहीची पावती ताब्यात घ्या.
– पुन्हा बिघडली तर त्याच दिवशी लेखी कळवा. दुसरीकडे उघडण्याआधी फोटो काढा, काय निघालं ते लिहून घ्या.
– तक्रारीची मुदत दोन वर्षं. पाच लाखांपर्यंत फी नाही. हेल्पलाइन : १९१५.